खिडकीला तीन मंगळवार पत्रा

काच मीच फोडली. घरात सगळ्यांना सांगितलं वाऱ्यानं फुटली, आणि वारा बिचारा काही बोलायला आला नाही. आता सासरे गेले, सासूजी गेल्या, ती खिडकीही राहिली नाही, तेव्हा खरं सांगायला हरकत नाही.

नंदुरबारच्या बाजारपेठेत आमचं कापडाचं दुकान, वर राहतं घर. दुकान माझे सासरे हुकमीचंद चालवायचे. वरच्या मजल्यावर रस्त्याच्या बाजूला एकच खिडकी, आणि मी लग्न होऊन आले त्याच वर्षी त्यांनी तिच्या झडपा खिळे ठोकून बंद केल्या. घरातल्या बायकांनी बाजाराकडे तोंड काढायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. उजेडासाठी एका झडपेत तेवढी काच राहू दिली, दोन वीत उंच, दीड वीत रुंद. तीही निळी, म्हणजे बाहेरच्याला आतलं दिसू नये. पाच वर्षं मी त्या काचेला नाक लावून काढली.

त्याला कारण होतं. माझं माहेर धानोऱ्याचं. माझे वडील छगनलाल तिथे किराण्याचं लहानसं दुकान चालवायचे आणि दर मंगळवारी माल न्यायला नंदुरबारला यायचे. पण आमच्या घराची पायरी चढायचे नाहीत. मुलीच्या सासरचं पाणीसुद्धा बापानं पिऊ नये, अशी आमच्यात रीत. दुसऱ्यांचे बाप येतात, घटकाभर बसतात, पाणी नको म्हणतात आणि जातात. बापूजींचं सगळंच टोकाचं. मुलीनं तांब्या पुढे करायचा आणि आपण नाही म्हणायचं, हे त्यांच्याच्यानं होत नसे, म्हणून ते येतच नसत. समोरच्या धान्याच्या दुकानाच्या ओट्यावर बसायचे, पागोटं सोडायचे, पुन्हा बांधायचे आणि चालू लागायचे. वर एकदाही बघायचे नाहीत. व्याह्यांच्या खिडकीकडे बघणं शोभत नाही ना! मला त्यांचा राग यायचा, आणि मंगळवार उजाडला की सकाळपासून माझे हातपायही एका जागी राहत नसत.

त्या मंगळवारी मी खिडकीशी बसून सासूजींसाठी सुपारी कातरत होते. बापूजी ओट्यावर बसले ते खोकतच. किती वेळ खोकले! पागोटं सोडलं, पण बांधता बांधता दोनदा हात थांबला. मग उठले आणि गाडीकडे निघाले. मला वाटलं, एकदा तरी वर बघा हो. एकदा बघितलं तर कोणाचं काय जाणार आहे? हातात अडकित्ता होता. मी काचेवर टकटक केलं. ते वळले नाहीत. मी जोरात केलं. काच खळ्ळकन खाली रस्त्यावर गेली, आणि बापूजी तोवर कोपऱ्यावरून वळलेले.

सासरे वर आले, भोक बघितलं, आणि तासाभरात शिडी लावून त्यावर बाहेरून रॉकेलच्या डब्याचा पत्रा ठोकला.

"काच कधी बसेल?" मी सासूजींना विचारलं. सासऱ्यांशी बोलायची सोय नव्हती, घुंगट ओढून मागे सरायचं तेवढं.

"लढाई चालू आहे, बींदणी," सासूजी भूरीबाई म्हणाल्या; सुनेला त्या बींदणीच म्हणायच्या. "काच का कोथिंबीर आहे? आणि दोधू मिस्त्री नवापूरला गेलाय कामाला. येईल तेव्हा येईल. तुझं काय अडलंय?"

काय अडलंय! मी ताटं आपटली, पिठात मीठ दोनदा घातलं, जिन्यावरून सतरा वेळा वरखाली केलं. बापूजींचा खोकला कानातून जाईना. पुढच्या मंगळवारी पत्र्याला कान लावून उभी राहिले तर बाजाराचा नुसता कालवा. एकदा खोकल्यासारखं आलं. ते बापूजी होते की धान्यवाल्याचा हमाल, देवाला ठाऊक.

आमचे हे, म्हणजे मदनलाल (नाव घेतलं, आता कोण रागावतंय!), दुसऱ्या दिवशी कापड आणायला सुरतेला निघाले होते. मी त्यांना जिन्यात गाठलं.

"सुरतेहून काच आणा."

"दोधू येऊ दे. तो माप घेईल, मग बघू."

"माप मी देते. काचेचं माप घ्यायला काय मिस्त्रीच लागतो?"

खिडकीशी जाऊन पत्र्यावर सुताचा दोरा धरला, काच होती तेवढ्या जागेचं उंचीला एक माप, रुंदीला एक, आणि दोन्हीकडे पक्क्या गाठी मारल्या. दोरा त्यांच्या डगल्याच्या खिशात मीच कोंबला. "गाठीपासून गाठीपर्यंत. केसभर इकडेतिकडे होता कामा नये," असं वर बजावलं. ते हसले. तेव्हा त्यांचं हसणं मला मुळीच आवडलं नाही.

काच शनिवारी आली. निळी मिळाली नाही, साधी पांढरी मिळाली. त्यावरून सासऱ्यांनी कुरकुर केली, मग दोधूकडून आतून चुना फासून घेऊ म्हणाले. मी घुंगटात दात आवळले. चुना नखानं खरवडता येतो, असा विचार करून गप्प बसले. दोधू मात्र आला नाही. काच गवतात गुंडाळून कोपऱ्यात उभी, आणि मी तिच्याभोवती फिरतेय. दुसरा मंगळवार गेला, तिसराही तसाच पत्र्याआड गेला. त्या दिवशी मी जेवले नाही. उपास आहे म्हणून सांगितलं, सासूजींनी कसला ते विचारलं नाही.

त्याच्या पुढच्या मंगळवारी सकाळीच दोधू दारात. शिडी, हातोडी, खिळेचुकांची पुडी. मला असा आनंद झाला की मी त्याच्यासाठी चहात मूठभर साखर टाकली. पण तो खिडकीपाशी काम करणार म्हणून सासूजींनी मला स्वयंपाकघरात पाठवलं. मी दाराआडून ऐकत होते. पत्रा निघाल्याचा करकराट झाला. मग काच लाकडाला घासल्याचा आवाज.

"सेठजी," शिडीवरून दोधूचा आवाज आला, "हाई माप कोनी लिधं? काच बसत नही. चारी बाजूले बोटभर कमी शे."

"कमी कशी?" सासरे रस्त्यातून ओरडले.

"बाहेरतीन लाकूडमा खाच शे ना, काच तठे बसस. ज्यानी मापी त्यानी आतलं उजेडनं भोकच मापेल शे. खाच धरीच नही."

पाच वर्षं त्या खिडकीत बसले, पण बाहेरून ती एकदाही पाहिली नव्हती. बाहेरच्या अंगाला खाच असते आणि काच तिच्यात बसते, हे मला कुठून कळणार? मी रस्त्यात उभी राहून माझ्याच घराकडे कधी बघितलं होतं? स्वतःचा इतका राग आला की हातातली पळी चुलीवर फेकली.

दोधू म्हणाला, "घाबरू नका. चारी अंगले पट्टी मारी देस, बसी जाई. मी पट्ट्या कापी लयस, सांजलोंग काम व्हई जाई."

"मग तोवर पत्रा लाव," सासरे म्हणाले. "भर बाजारात भोक उघडं नको."

संध्याकाळपर्यंत! बापूजी दुपारीच येऊन जायचे. हातोडीचे ठोके पडले, पत्रा परत बसला, आणि एकेक ठोक्याला मला ओरडावंसं वाटत होतं. एवढी सुरतेची काच, एवढा दोरा, एवढी घाई, आणि चौथा मंगळवारही मीच घालवला.

दुपारी मी भांडी घासत होते. खाली दुकानात खोकला ऐकू आला. ओट्यावरचा नाही, समोरच्या दुकानातला नाही. आमच्या दुकानातला.

"अरे, छगनलालजी!" सासऱ्यांचा आवाज गडबडला. "या, या. बसा. अहो, पाणी आणा!" पाहुण्याला पाणी विचारायचंच असतं. हा पाहुणा ते घेणार नाही, हे त्यांना माहीत होतं, बापूजींना माहीत होतं, मला माहीत होतं. सासूजींनी माझ्याकडे बघितलं. "जा," म्हणाल्या, "तूच घेऊन जा."

तांब्या भरला तर अर्धं पाणी जिन्यातच सांडलं. सासरे समोर, म्हणून घुंगट हनुवटीपर्यंत. ओढणीतून बापूजी लाल दिसत होते. पाच वर्षं निळे दिसले, आता लाल. मी तांब्या पुढे केला आणि उभी राहिले.

"व्याहीजी, माफ करा," बापूजी म्हणाले. "तीन मंगळवार झाले, वर पत्रा आहे. निळी काच दिसली नाही. आज चौथा. मला वाटलं..." त्यांनी पागोट्याचा शेव चाचपला. "बाई बरी आहे ना?" बाई म्हणजे मी; माहेरी मला बाईच म्हणायचे.

निळी काच! कधी वर न बघणाऱ्या माणसाला काचेचा रंग कुणी सांगितला?

माझ्यानं राहवलं नाही. सासऱ्यांसमोर, भर दुकानात, मी घुंगट मागे टाकला. बापूजींची दाढी पूर्ण पांढरी झाली होती. निळ्या काचेतून ते मला कधी कळलंच नव्हतं. माझे सासरे, ज्यांनी झडपांना खिळे ठोकले होते, ते उठले आणि पाठ करून कापडाचे तागे उगीचच वरखाली करू लागले.

बापूजी माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी ओंजळ पुढे केली.

"बाई, थोडो पाणी पा."

मी धार सोडली. ते प्यायले, सगळा तांब्या प्यायले, आणि ओंजळ तशीच धरून म्हणाले, "अजून आहे?"

एवढी तहान कोणाला नसते. मी समोर उभी राहावी म्हणून ते मागत होते. दुसरा तांब्या आणायला मी जिना धावत चढले आणि धावत उतरले. वर कोपऱ्यात गवतात गुंडाळलेली काच उभी होती, तिच्याकडे माझं लक्षही गेलं नाही.