बरथंगचं कॉलेज

कुलसूम बानो लग्न करून सेरथंगातून फारोलमध्ये आली तेव्हा दोन्ही गावांनी तिच्या सासऱ्यांना वेड्यात काढलं होतं. दोन गावांच्या मधून नाला वाहतो. त्यावरचा लाकडी पूल म्हातारं माणूससुद्धा काठी टेकत ओलांडू शकतं, पण पोरगी मात्र कोणी ओलांडून देत नसे. याला कारण बरथंग. नाल्याच्या वरच्या अंगाला असलेलं हे मोठं सपाट पठार सेरथंगवाले आपलं म्हणत आणि फारोलवाले आपलं म्हणत. खपलूच्या कचेरीत त्याचा खटला कुलसूमच्या जन्माआधीपासून चालू होता. एखाद्याने हौसेने तिथे जर्दाळूचं रोप लावलं, तर आठवड्याच्या आत ते मुळासकट उपटलेलं सापडे. त्यामुळे खोऱ्यातली सगळ्यात चांगली जमीन दगडधोंडे आणि काटेरी झुडपं सांभाळत पडून राहिली होती.

कुलसूम खोऱ्यातली पहिली शिकलेली मुलगी. मावशीकडे राहून तिने स्कर्दूला एम. ए. केलं, आणि आता फारोलच्या मुलींच्या कॉलेजची ती प्रिन्सिपल होती. कॉलेज म्हणजे भाड्याने घेतलेलं एक दुमजली घर. खाली पूर्वी गुरं बांधत, वर जर्दाळू वाळवत. वर्ग कमी पडत म्हणून वरच्या खोलीत मधोमध पडदा लावलेला होता. अलीकडे इतिहास चाले, पलीकडे रसायनशास्त्र, आणि बऱ्याच मुलींना दोन्ही विषय येत. हिवाळ्यात शेगडीचा धूर पडदा मानत नसे. एवढं करूनही निकाल चांगला लागे, आणि निकालाच्या दिवशी कुलसूम नवऱ्याला न सांगता शेजाऱ्यांनाही मिठाई वाटून येई.

पण बारावीपुढे सगळं अडत होतं. पुढचं शिकायचं तर स्कर्दू. दरड कोसळली नाही तरी जीपने अख्खा दिवस, आणि तिथे राहायचं कुणाकडे? त्या वर्षी कुलसूमची भाची मर्झिया बारावीला पहिली आली. मर्झियाचा बाप मुरतझा हा कुलसूमचा थोरला भाऊ आणि सेरथंगचा नंबरदार, म्हणजे गावचा पाटीलच. त्याने मुलीला जवळ घेतलं, कपाळाचा मुका घेतला आणि सांगितलं की आता पुरे. मर्झिया रडली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती आत्याच्या कॉलेजात येऊन लहान मुलींना गणित शिकवू लागली, आणि ते बघून कुलसूमला जास्त वाईट वाटलं.

अशात सरकारने कॉलेजला पदवीचे वर्ग मंजूर केले. इमारतीचा खर्चही मिळणार होता. अट एकच होती, जमीन गावाने फुकट द्यायची. शिक्षण खात्याच्या डायरेक्टरांनी फोनवर बजावलं की बर्फ पडायच्या आत जागा दाखवा, नाहीतर मंजुरी शेजारच्या खोऱ्यात जाईल.

कुलसूम आधी माहेरी गेली. मुरतझाने तिला खारट चहा पाजला, आणि आपल्या अक्रोडांच्या बागेचा एक कोपरा लगेच देऊ केला. मात्र कॉलेज सेरथंगात झालं पाहिजे आणि पाटीवर सेरथंगचं नाव लागलं पाहिजे. मग फारोलच्या मुली येतील का, असं तिने विचारलं. त्यावर तो म्हणाला की त्यांना गरज असेल तर येतील, पूल काही आम्ही खाल्लेला नाही.

मग ती थोरल्या दिरांकडे गेली. आखोन तकी हे फारोलचे धर्मगुरू, शब्द तोलून बोलणारा माणूस. त्यांनी खानकाहमागची, म्हणजे गावच्या प्रार्थनाघरामागची जमीन देऊ केली. सेरथंगच्या मुलींचा प्रश्न निघाला तेव्हा ते दाढी कुरवाळत म्हणाले, "कुलसूम, तू मीठ आमचं खातेस आणि काळजी तिकडची करतेस."

"आखोन साहेब, तिकडे गेले की तेही हेच म्हणतात," कुलसूम म्हणाली. "दोन्हीकडचं मीठ खाऊन माझा रक्तदाब चढायला लागलाय."

ते हसले, पण जमिनीवरून हलले नाहीत.

बरेच दिवस ती अशी पुलावरून येरझारा घालत राहिली. एका संध्याकाळी ती पुलावर दमून थांबली, तेव्हा खाली नाला मोठ्या नदीला मिळतो तिथलं पोलोचं मैदान तिला दिसलं. दोन्ही गावांपासून सारखं दूर, सपाट, जुन्या राजाच्या काळापासून कोणाचंच नसलेलं. आता ते सरकारच्या नावावर होतं. वरच्या ठाण्यावर जाणारं लष्कराचं हेलिकॉप्टर कधीमधी तिथे उतरे, आणि वर्षातून दोनदा दोन्ही गावांचे घोडे तिथे धुरळा उडवत. एरवी शेळ्या. तिने तिथूनच डायरेक्टरांना फोन लावायचा प्रयत्न केला. रेंज मिळाली नाही, म्हणून घरापर्यंत जवळजवळ धावत गेली.

आठवडाभरात मोजणीवाले आले. मैदानावर त्यांनी खुंट्या ठोकल्या, दोऱ्या बांधल्या आणि लाल फडकी लावून निघून गेले.

दोन्ही गावांत एकच कल्लोळ झाला. मुरतझाने बहिणीकडे निरोप धाडला की आजपासून तू माझ्या घरची नाहीस. आखोन तकींनी शुक्रवारी नमाजानंतर शिक्षणाचं महत्त्व सांगितलं आणि त्याहून जास्त वेळ पूर्वजांच्या वारशाबद्दल बोलले. ज्यांच्या मुली कॉलेजात होत्या ते बापही रस्त्यात कुलसूमला पाहून दुसरीकडे बघू लागले.

सगळ्यात अवघड प्रकरण घरातच होतं. तिचा नवरा शकूर खपलूपर्यंत जीप चालवायचा, पण ते पोटासाठी. जीव त्याचा घोड्यात होता. तरुणपणी त्याच मैदानावर पडून त्याचा एक पाय अधू झाला होता, तरीही तो अजून खेळायचा, आणि त्याची पांढरी घोडी घरातल्या माणसांच्या आधी जेवायची. खुंट्या ठोकल्या त्या दिवशी तो मुकाट्याने आला, मुकाट्याने जेवला आणि तोंड फिरवून झोपला. दुसऱ्या दिवशीही तेच.

तिसऱ्या दिवशी कुलसूमनेच विषय काढला. "ओरड तरी. मला ओरडणाऱ्या माणसाची सवय आहे."

शकूर घोडीच्या आयाळीतले काटे काढत होता. "तू चूक करतेयस असं मला म्हणता येत नाही," तो म्हणाला. "तेच तर दुखतंय. मुलींनी शिकायला हवं. पण त्या मैदानात मी वडिलांना खेळताना पाहिलंय, कुलसूम. तिथे तू भिंती बांधणार."

तिने त्याच्या हातातून खरारा घेतला आणि दुसऱ्या बाजूने घोडी घासायला लागली.

जुम्म्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावांनी मैदानावर बैठक बोलावली. प्रिन्सिपल मॅडमना यायला सांगितलं होतं, आणि तहसीलदारांनी जमिनीचे कागद सांभाळणाऱ्या पटवाऱ्याला पाठवलं होतं, मारामारी झाली तर साक्षीदार हवा म्हणून. कुलसूम निघाली तेव्हा शकूरही काठी घेऊन उठला.

"मी तुझ्या बाजूने बोलणार नाही," तो म्हणाला. "पण तुझ्या बाजूला बसेन."

मैदानावर पोचल्यावर कुलसूमला पहिल्यांदा जाणवलं ते वेगळंच. सेरथंगची आणि फारोलची माणसं मिसळून बसली होती. तिच्या लग्नानंतर असं कधी झालं नव्हतं, आणि लग्नातही पाहुणे दोन वेगळ्या चटयांवर बसले होते. इथे तर मुरतझा आणि आखोन तकी मांडीला मांडी लावून बसले होते, एकमेकांना तंबाखू देत होते. दोघांच्या चेहऱ्यावर एकच राग होता, आणि तो तिच्यावर होता.

एकेक जण उठून बोलला. मैदान पवित्र आहे, मैदान आपली इज्जत आहे, एका बाईच्या हट्टापायी खोऱ्याचं नाक कापलं जाणार. कुलसूमने सगळं ऐकून घेतलं. मग ती उभी राहिली. पुष्कळ तयारी करून आली होती, पण त्यातलं काहीच आठवेना. तिने एवढंच सांगितलं की मलाही हे मैदान आवडतं, माझ्या नवऱ्याचा पाय इथेच राहिलाय. पण सेरथंगात बांधलं तर अर्ध्या मुली येणार नाहीत, फारोलमध्ये बांधलं तर उरलेल्या अर्ध्या येणार नाहीत. दोघांच्या मधली दुसरी जागा असेल तर दाखवा, खुंट्या मी स्वतःच्या हाताने उपटते. नसेल तर बर्फ पडलं की कॉलेज दुसऱ्या खोऱ्यात गेलं, आणि आपल्या मुली बारावी होऊन घरी.

"जागेला काय तोटा आहे?" मुरतझा तावातावाने उठला. "मैदानाला हात लावू नकोस, म्हणजे झालं. बरथंग पडलंय ना वर? घे ते. सेरथंगच्या वतीने मी देतो, नंबरदार म्हणून."

क्षणभर कोणाच्या लक्षात आलं नाही. मग आखोन तकींनी मान वर केली.

"तुम्ही देता?" ते सावकाश म्हणाले. "बरथंग तुमचं कधीपासून झालं? देणारच असेल तर फारोल देईल. आमची जमीन आहे, आम्ही दान करतो."

"आमची आहे."

"खटला चालू आहे."

"खटला आम्ही जिंकणार आहोत, म्हणून तर देतोय."

माणसं उठायला लागली. मघाशी तंबाखू दिलेले हात आता एकमेकांच्या छातीपर्यंत गेले. शकूरने काठी घट्ट धरली. कुलसूमच्या मनात मात्र त्या गोंधळातही एक गोष्ट लख्ख झाली होती. दोघंही भांडत होते, पण कोणीही "देणार नाही" म्हणत नव्हतं. ती सरळ पटवाऱ्याकडे गेली. तो बिचारा आपलं बाड गोळा करून पळायच्या बेतात होता.

"बसा," ती त्याला म्हणाली. मग गर्दीकडे वळली आणि वर्गात वापरते त्या आवाजात म्हणाली, "नंबरदार साहेब, आखोन साहेब, दोघांचं दान मला मंजूर आहे. सेरथंगने आपली जमीन म्हणून द्यावी, फारोलने आपली जमीन म्हणून द्यावी. दोन कागद होऊ देत. कोणाची होती ते कोर्ट बघेल, कोणाची आहे ते आज ठरलं. मुलींची आहे."

मैदानावर नदीचा आवाज ऐकू येऊ लागला. मुरतझाने आखोन तकींकडे पाहिलं. आता मागे फिरावं तर समोरचा एकटा दानशूर ठरणार, हे दोघांनाही कळत होतं.

"पहिला अंगठा सेरथंगचा," मुरतझा म्हणाला.

"आम्ही सही करतो," आखोन म्हणाले.

पटवाऱ्याने दोन कागद केले. पहिल्यात लिहिलं होतं की सेरथंग गाव आपल्या पूर्वापार मालकीचं बरथंग पठार कॉलेजला देत आहे. दुसऱ्यात फक्त गावाचं नाव वेगळं होतं. चतुःसीमा त्याच, झुडपं तीच. सह्या झाल्यावर कुलसूम लाल फडक्यांपाशी गेली आणि तिने पहिली खुंटी उपटली. बाकीच्या उपटायला दोन्ही गावं धावली.

घरी येताना पुलावर शकूर हसायलाच लागला, इतका की कठड्याला धरून उभं राहावं लागलं. "हे सगळं तू आधीच ठरवून केलंस ना?" त्याने विचारलं. कुलसूमने अल्लाची शपथ घेऊन सांगितलं की नाही, मी खरंच मैदानात कॉलेज बांधणार होते. त्याचा विश्वास बसला नाही. आजही खोऱ्यात कोणाचा बसत नाही.

डायरेक्टर साहेबांचा फोन लगेचच आला. "मॅडम, एकच जमीन दोघं कसे देतात? फाइलमध्ये असं बसत नाही."

"साहेब, एकाने दिली असती तर दुसरा मागायला आला असता," कुलसूम म्हणाली. "दोघांनी दिली म्हणजे परत मागायला कोणी उरलं नाही. तुम्ही घेऊन टाका."

साहेबांनी घेऊन टाकली. खपलूत दोन्ही गावांचे वकील मात्र हळहळले. इतकी वर्षं चाललेला खटला, आणि आता दोन्ही पक्षकार तारखेला येईनात.

बर्फ वितळल्यावर काम सुरू झालं. सेरथंगवाल्यांनी पूर्वेकडून भिंत उचलली, फारोलवाल्यांनी पश्चिमेकडून, आणि कोणाची भिंत सरळ यावरून रोज बोलाचाली होत. इंजिनियरला दोघांनी वेगवेगळं जेवण घातलं. त्याचं वजन वाढलं. नाल्याचं पाणी वर आणायला पाइप टाकला तेव्हा त्या पाण्यावर भिंतीबाहेर झाडंही लावली गेली, आणि ती कोणी उपटली नाहीत.

पदवीचा पहिला वर्ग भरला तेव्हा छप्पर व्हायचं होतं. मुली फळ्यासमोर सतरंजीवर बसल्या, आणि वारा आला की वह्यांवर दगड ठेवू लागल्या. मुरतझा मुलीला सोडायला स्वतः आला होता. तो बहिणीशी अजून तुटक बोलत होता, पण जाताना त्याने घरचे अक्रोड भरलेली पिशवी तिच्या हातात कोंबली आणि विचारलं, "हे तीन वर्षांचंच असतं ना? की पुढेही काही असतं?"

"पुढेही असतं, भाईजान."

"असू दे, असू दे. एकदम सगळं सांगू नकोस," तो म्हणाला आणि उतरणीला लागला.

कुलसूम वर्गामागे एका दगडावर बसली. नव्याने आलेली तरुण प्राध्यापिका राज्यशास्त्र शिकवत होती. खाली मैदानावर घोडे फिरवत होते, ढोल तापवत होते, आणि त्या लहान ठिपक्यांतला पांढरा ठिपका तिला ओळखता आला. पडदा नव्हता, धूर नव्हता. मर्झियाने हात वर करून काही विचारलं. प्राध्यापिका जरा थांबली आणि म्हणाली की चांगला प्रश्न आहे, याचं उत्तर उद्या वाचून येऊन देते. कुलसूमने एक अक्रोड दगडावर ठेवून दुसऱ्या दगडाने फोडला, आणि तास संपेपर्यंत ती सावकाश खात बसली.