निसटलेला एकच हात

मित्रांनो, चढताना तुम्ही मला धरता आणि दमल्यावर नाव मात्र पायऱ्यांचे घेता. असो. मी त्याच पायऱ्यांचा जुना लोखंडी कठडा आहे. वर वाचनालय, खाली दुकाने आणि मधे मी.

मला घडवणारा वेल्डर मोठा हट्टी माणूस. त्याची एक रीत होती. रंग देण्याआधी तो डोळे मिटून कठड्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत तळहात फिरवायचा आणि जरा कुठे खुपले की पुन्हा कानस चालवायचा. मग आपल्या म्हाताऱ्या आईला बोलावून कठडा धरून चढायला लावायचा. तिने वर पोचून मान डोलावली तरच काम पुरे. माझ्या वेळी तिने पहिल्याच फेरीत मान डोलावली. तेव्हापासून मी ताठ उभा आहे, आणि कठड्याने थोडे ताठ असावेच.

किती हात सांभाळले मी! नुकती पावले टाकणारी बाळे, काखेत पुस्तके मारून उतरणारी माणसे, गुडघे धरलेल्या आज्या. एकालाही मी पडू दिले नाही.

पुढे संध्याकाळी क्लास सुटले की पोरापोरींचे टोळके जमू लागले. मोबाइलवर गाणी, ढकलाढकली, पायऱ्यांवर रिकाम्या बाटल्या आणि माझ्यावर बसलेली अख्खी रांग. येणारी-जाणारी माणसे अंग चोरून कडेने जात. खोटे कशाला बोलू, मला त्यांचा राग यायचा आणि ती नसली की करमायचेही नाही. त्यांच्यात एक मुलगी होती, तिला सगळे भिंगरी म्हणत. दोन मिनिटे तिला पाहिले की नावाचे कारण कळत असे.

पायऱ्यांच्या तळाशी चष्मेवाल्या काकांचे दुकान. दुकानाची काच एकदा या पोरांच्या चेंडूने फुटली. काका पोरांच्या आईबापांकडे गेले, तर आईबाप म्हणाले, शाळेने वळण लावावे. शाळा म्हणाली, फाटकाबाहेरचे आमच्याकडे नाही. पोलीस म्हणाले, पायऱ्यांवर बसणे हा काही गुन्हा नव्हे. सगळ्यांनी हात वर केले. मग एका दुपारी काकांनी स्वतःच्या डोक्याने उपाय काढला. मला वरपासून खालपर्यंत काळे ग्रीस फासले. जगाला नजर देणारा हा माणूस, पण त्याला बसणारी पोरे तेवढी दिसली, धरणारे हात दिसले नाहीत. आता बसतील कशी ते बघतो, असे पुटपुटत तो दुकानात गेला.

संध्याकाळी पोरे बसली, कपडे बरबटले, आणि त्यांनी त्याचाच खेळ केला. काळे हात घेऊन ती एकमेकांमागे पायऱ्यांवरून धावू लागली. नेमक्या त्याच वेळी वाचनालयातून काकांची आई उतरत होती. भिंगरीचा धक्का लागला. आजींनी चटकन मला धरले आणि त्यांचा हात निसटला. मित्रांनो, माझ्या उभ्या आयुष्यात निसटलेला तो एकच हात. त्यांचे मनगट मोडले. मला फार वाईट वाटले, अजूनही वाटते.

दुसऱ्या दिवशी सगळे पायऱ्यांपाशी जमले. दुकानदारांना फाटक बसवून पोरांना कायमची बंदी करायची होती. भिंगरीच्या वडिलांची बेकरी होती. ते म्हणाले, आमची मुलगी तसली नाही, बाकीचीच वाया गेली आहेत. आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे!

"बाबा," भिंगरी म्हणाली, "धक्का माझाच लागला."

"ऐकलंत?" काका सगळ्यांकडे वळून म्हणाले.

तेवढ्यात आजी आल्या, हात गळ्यात बांधलेला. त्या सरळ मुलापुढे उभ्या राहिल्या. "नुसत्या धक्क्यानं मी पडले नसते रे. मी कठडा धरला होता. काल दवाखान्यात माझ्या तळव्याचं काळं तू स्वतः पुसलंस. ते कुठून आलं, सांग ना यांना."

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मी फासलं होतं," ते म्हणाले.

"धक्का हिचा, ग्रीस तुझं," आजी म्हणाल्या, "आणि रोज कडेनं निघून जाणारे आपण सगळे. मीसुद्धा. एकदा तरी यांना 'सरका' म्हटलं का मी?"

काका रॉकेल आणि चिंध्या घेऊन आले आणि मला वरून पुसू लागले. भिंगरीने खालून सुरुवात केली. तिच्या वडिलांनीही बाह्या सरसावल्या, मग बाकीची पोरे लागली. सगळे पुसून झाल्यावर आजींनी धडका हात माझ्यावर ठेवला, सावकाश चढून गेल्या आणि वर पोचून मान डोलावली. मला वेल्डरची आई आठवली.

फाटक काही बसले नाही. पोरे अजूनही जमतात, गलका करतात, काही साधुसंत झालेली नाहीत. मित्रांनो, तुमच्याकडेही असे टोळके असेल. त्याला नुसती नावे ठेवू नका, जवळ जाऊन वाट मागा. आणि तुम्हीच त्या टोळक्यातले असाल, तर पाठीमागून कोण उतरते आहे तेवढे बघत जा. माझे म्हणाल, तर अधूनमधून रंगाचा एक हात द्या, बाकी मी सांभाळून घेईन.

हल्ली वरून कोणी आजी-आजोबा निघाले की भिंगरी सगळ्यांच्या आधी ओरडते, "कठडा!" आणि अख्खी रांग टुणकन उतरून माझी बाजू मोकळी करते. पायऱ्यांचे नाव कोणी घेत नाही.