कमरेवरचा वळ

मित्रांनो, कचेरीच्या खिळ्याला लोंबणारा मी एक जुना किल्ल्यांचा जुडगा आहे. माझ्यात आता एकच किल्ली उरली आहे. मग हा जुडगा कसला, अशी शंका कोणी काढील. ती रास्त आहे, आणि तिचे उत्तर म्हणजेच माझे आयुष्य.

जळकोटच्या एका लोहाराने मला घडवले. त्याचे उपकार मी विसरलेलो नाही. निजामाच्या अमलात, एकोणीसशे चाळीसच्या सुमारास, धाराशिवला कापसातून सरकी काढण्याचा एक कारखाना निघाला आणि त्याचे मॅनेजर फकरुद्दीनसाहेब यांच्या कमरपट्ट्याला मी अडकवला गेलो. इंजिनघर, तोलकाटा, रुईचे गोदाम, आग विझवायचा बंब, कचेरीतले कपाट, सगळ्यांच्या किल्ल्या माझ्यात. कोणाला तेलाचा डबा हवा असला तरी तो साहेबांकडे येई आणि साहेब हातचे काम टाकून स्वतः जात. त्यांचा कोणावर अविश्वास होता, असे समजू नका. दुसऱ्याच्या हातून चूक झाली तर त्या बिचाऱ्याची नोकरी जाईल, एवढीच त्यांची धास्ती. भावना निर्मळ होती. तिच्यातून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा होता.

लोक माझ्या वजनाची तारीफ करीत. मी खुळखुळलो की फाटकापर्यंत माणसे सावध होत. पण साहेबांच्या कमरेवर माझा काळा वळ उठला होता. त्यांच्या पत्नी सरदारबी त्यावर कोमट तेल चोळत आणि मला हसत हसत आपली सवत म्हणत. एकदा मात्र त्या हसल्या नाहीत.

"हिला निजताना तरी सोडत जावा," त्या म्हणाल्या. "अंग हाय तुमचं, गोदाम न्हाय."

कापसाचा हंगाम भरात आला. साहेबांचे जेवण डब्यातच वाळू लागले. एका दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या त्यांना ग्लानी आली, आणि नेमकी तेव्हाच आवारातल्या कापसाच्या गंजीवर ठिणगी पडली. काट्यावर कापूस तोलणारा उत्तरेश्वर धावत आला. बंबाच्या खोलीला कुलूप, किल्ली माझ्यात आणि मी साहेबांच्या कमरेला. त्याने हाका मारल्या, खांदा हलवला. साहेबांचे डोळे उघडेनात. मला ओढून काढणे क्षणाचे काम होते, पण साहेबांच्या कमरेला हात घालण्याची बेअदबी त्याच्याने होईना. तो हात पुढे करून तसाच उभा राहिला. अखेर इंजिनवाल्या कल्याणप्पाने घणाने कुलूप फोडले. गंज जळाली, गोदाम आणि माणसे वाचली.

शुद्धीवर आल्यावर साहेब राखेपाशी आले. चूक माझी, मालकांना मीच सांगतो, नोकरी गेली तर जाऊ द्या, असे ते म्हणाले.

कल्याणप्पा वयाने वडील. तो म्हणाला, "आमी हितं असताना तुमी एकलेच कशापायी मरायलेत, साहेब? वाटून द्या की. आमाला बी हात हायेत."

मालक रागावले, तरी नोकरी राहिली. दुसऱ्या सकाळी साहेबांनी मला मेजावर ठेवून उलगडले. इंजिनघराची किल्ली कल्याणप्पाला गेली, गोदामाची पहारेकऱ्याला, बंबाच्या खोलीची तिच्याच दाराशेजारच्या खिळ्याला, आणि काट्याची घेताना उत्तरेश्वर कुरकुरला, "आता चुकलो तर शिव्या मला."

"अर्ध्या," साहेब म्हणाले. आणि त्या हंगामात ते प्रथमच हसले.

तेव्हापासून साहेब दुपारी घरी जाऊन जेवत, नमाज पढत, घटकाभर आडवे होत. कामगारांच्या हातून चुका झाल्या. त्या ज्याच्या त्यानेच निस्तरल्या. कोणी म्हणेल, किल्ल्या गेल्या तिथे जुडग्याची पत गेली. मी म्हणतो, कचेरीच्या खिळ्यावर कपाटाची ही एक किल्ली सांभाळताना मला जे सुख आहे, ते त्या खुळखुळाटात कधीच नव्हते. मित्रांनो, पुष्कळांचा भार वाहणाऱ्याने आधी स्वतःचे बळ राखावे. जी किल्ली दुसऱ्याच्या हाती शोभते, ती आपल्या कमरेला बांधू नका.

पुढे एकदा साहेब कल्याणप्पाला सांगत होते, "काल घरच्यांनी तेलाची वाटी आणली, आन वळच सापडंना." खिळ्यावर मी ते ऐकले. कोणाच्या अंगावरची आपली खूण पुसली गेल्याचा एवढा आनंद होतो, हे मला तोवर ठाऊक नव्हते.