सोमवारी येणारी देवी

"सुई दिलीस, की घास पोटात जाताना बघायचा. नुसतं रिकामं ताट बघून उठायचं नाही."

दवाखान्यात नर्सचं काम शिकवणाऱ्या मोठ्या सिस्टरांचे ते शब्द तुळशीबाईला आठवले, तेव्हा कौसाबाईंचा हात तिच्या हातात होता; गार, घामाने ओलाचिंब. प्रकाशा गावातल्या त्या अंगणात बायका दाटीने बसल्या होत्या. मधोमध कौसाबाई थरथरत होत्या. कुंकू ओघळून नाकावर आलं होतं.

"हात नको लावू, बाई. देवी शे अंगमा," शेजारची दगूबाई म्हणाली, आणि संधी साधून पुढे सरकली. "माय, मन्ही म्हैस आटनी. कव्हय दूध दी?"

कौसाबाई जड जिभेने काहीतरी पुटपुटल्या. दगूबाईला त्यात उत्तर सापडलं.

"दर सोमवारी येस," कौसाबाईंची सून शोभा म्हणाली. तिला सातवा महिना होता. "गूळपानी दिधं का जास."

"मग आत्ताच आण."

तुळशीबाई सातपुड्यातली. ख्रिस्ती होण्याआधी तिने घरीदारी पुष्कळांच्या अंगात येताना पाहिलं होतं. ती अंगं तापलेली असत. ही देवी गार कशी? आणि तिला गुळाचीच ओढ का?

वाटी रिकामी झाली तशी कौसाबाईंची नजर हळूहळू माणसांवर स्थिरावली. बायका पाया पडून गेल्या.

तुळशीबाईने ओट्यावर दिवा पेटवून लघवी तपासली. कौसाबाईंना मधुमेह. पोटातली ग्रंथी रस देईना, म्हणून तो रस ती रोज सकाळी सुईने टोचायची. बाटली रांजणाखालच्या ओल्या वाळूत असे. इतर दिवशी नळीतलं निळं औषध उकळलं की विटकरी होई. आज ते निळंच राहिलं; लघवीत साखर नव्हती.

"माय, सकाळची भाकर कुणी खाल्ली?"

कौसाबाईंनी गोठ्याकडे पाहिलं.

"गायनी."

"सुई घेऊन उपास केला, की अंगातली साखर संपते. एखाद्या सोमवारी गूळ उशिरा आला, तर डोळे उघडायचे नाहीत."

"म्हनजे देवी नही ती?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"ते मला कळत नाही. थरथर मात्र सुईची आहे."

कौसाबाईंनी पदराचं टोक चाचपलं.

"शोभाना दोन येळा दिवस भरनात नही. मी सोमवार धरात, तव्हय हाई पोट राह्यनं. आते मी मोडू, अन् काही झायं ते?"

तुळशीबाई सुई पुसत होती. पुसून झाली तरी तिचा हात थांबला नाही.

"आजाऱ्याचा उपास दुसऱ्याने धरला तर चालतो ना?"

"चालस. पन घरमा कोन शे? शोभा तर पोटुशी."

"मी धरते. ती बाळंत होईपर्यंत."

कौसाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. या बाईचा पाण्याचा तांब्या त्यांनी ओट्यावर वेगळा ठेवला होता.

"तू ख्रिस्ती. महादेवले चाली का?"

"भूक तर खरीच असेल."

कौसाबाईंना हसू आलं; ते त्यांनी आवरलं. "चहाबी चालाव नही."

"नाही पिणार."

"अन् केदारेश्वरले जाई सन सांगनं पडी, का हाऊ उपास कोना शे."

"बाहेर उभी राहून सांगेन."

पुढच्या सोमवारी सुई दिल्यावर तुळशीबाई त्यांच्या समोरच बसली. कौसाबाईंनी भाकरीचा तुकडा बराच वेळ हातात धरला, सुनेच्या पोटाकडे पाहिलं, डोळे मिटले आणि घास घेतला. शेवटचा घास गिळेपर्यंत तुळशीबाई हलली नाही.

गल्लीत दगूबाईने चहाला हाक मारली.

"आज नको," तुळशीबाई म्हणाली. केदारेश्वराच्या देवळाकडे ती कधी गेली नव्हती. डोक्यावर पदर घेऊन, नदीकडून घंटा वाजत होती त्या दिशेने ती चालू लागली.