उन्हासाठी गमछा

मार्च संपत आला की रायपुरात चेहरे दिसेनासे होतात. स्कूटीवरच्या मुली ओढणी अशी गुंडाळतात की फक्त डोळे उरतात. सायकलवाले गमछा बांधतात, आणि उरल्याच्या कारखान्यांतून पाळी संपवून परतणारी माणसं तर धुळीपायी वर्षभर बांधलेलीच असतात. मीही बांधायची. म्हणून समता कॉलोनीतल्या दवाखान्याच्या पायऱ्यांशी लाल गमछा बांधलेला एक माणूस माझ्या दिशेने आला, तेव्हा मी त्याच्याकडे धड पाहिलंही नाही.

गंधाली नऊ महिन्यांची होती. गोवरची सुई टोचून झाली होती आणि रडून रडून ती माझ्या खांद्यावर निजायला आली होती. निजताना तिला माझं मंगळसूत्र मुठीत लागायचं. ते धरल्याशिवाय डोळा मिटत नसे. सासूबाई म्हणायच्या, "तुझी पोट्टी तुलेच बांधून ठेवते, पाह्य."

त्याने मंगळसूत्राला हात घातला तेव्हा ती मूठ त्यात होती. आणि ते त्याने पाहिलं. पुढे त्याचा वकील म्हणाला, घाईत दिसलं नसेल. दिसलं होतं. तो थांबला, वाकला, मुठीकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "छोड ना गुडिया." मग त्याने ओढलं.

साखळीच्या आधी तिची करंगळी मोडली. रस्त्याकडेला त्याची गाडी सुरूच होती, तो बसून निघून गेला. मी ओरडले की नाही ते मला आठवत नाही. आत डॉक्टरांनी तिची मूठ उघडली तेव्हा तीत सात काळे मणी होते.

हाड जुळलं, पण वाकडं. मूठ मिटली की करंगळी बाहेरच राहते. आणि झाकलेलं तोंड दिसलं की ती किंचाळायला लागली. एप्रिलच्या रायपुरात. पहिल्या दिवशी माझ्याच ओढणीला घाबरली, तेव्हापासून मी तोंड बांधणं सोडलं. पंधरा दिवसांत गाल भाजून निघाले.

"काळी ठिक्कर पडून राहिलीस," सासूबाई म्हणाल्या. "आरशात पाह्यलंस का?"

"पडू द्या."

भाजीवाला तिचं रडणं ऐकून लगेच गमछा हनुवटीखाली ओढायचा. दूधवालाही तसंच. "मैं हूं गुडिया, मैं." मग ती हुंदके देत त्यांच्याकडे बघत राहायची, हेच ते का, याची खात्री करत.

दूध पाजताना वाईट विचार करू नयेत म्हणतात, दुधात उतरतात. मी करत होते. ती पदराखाली चुपूचुपू पीत असायची, मी तिच्या जावळावरून हात फिरवायची आणि मनात त्या माणसाची बोटं मोडायची. करंगळीपासून सुरुवात. उजवा हात झाला की डावा.

अच्युतकाका माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. तात्यापाऱ्यात घर, वकिलीत चाळीस वर्षं. त्यांनीच सांगितलं की कायद्यात नवी दुरुस्ती झाली आहे. तोंड झाकून गुन्हा केला तर मूळ शिक्षा भोगून झाल्यावर वर आणखी तीन वर्षं.

"मला ती तीन वर्षं पाहिजेत, काका."

"आधी ऐक. तोंड झाकलेलं होतं म्हणालीस, तर त्याचा वकील विचारेल, बाई, मग ओळखलं कशावरून? आणि चेहरा पाहिला म्हणालीस, तर तोंड झाकलेलं नव्हतंच. ओळख पटवायला जाशील तर तीन वर्षं हातची जातील. तीन वर्षं धरशील तर माणूसच सुटेल."

"मग कायदा केला कोणासाठी?"

"ते करणाऱ्यांना विचार. मी आपला साधा वकील." ते हसले. मला हसू आलं नाही.

मग एक दिवस ठाण्यातले साहू हवालदार घरी आले. भनपुरीत एकाला पकडलं होतं, दुसऱ्याच एका साखळीच्या प्रकरणात. साहूंना नात होती. गंधालीच्या हाताची पट्टी पाहून त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी मोबाइल पुढे केला. "दीदी, यही है न?"

पातळ मिशीचा एक माणूस. तिशीचा असेल.

"तोंड बांधलेलं होतं, भैया."

"हव, मालूम है. पहचान परेड में बस इसी पर हाथ रख देना. और बयान में एक लाइन जोड दो, के खींचातानी में गमछा सरक गया था. बंधा भी था, दिखा भी. दोनों काम बन गए."

काकांना न सुटलेलं कोडं साहूंनी एका ओळीत सोडवलं. ती ओळ मला फार आवडली. दोन दिवस मी ती घोळवत होते. पोळ्या लाटताना, लंगोट वाळत घालताना. खींचातानी में सरक गया था.

निरंजन, माझा नवरा, रेल्वेच्या वॅगन कारखान्यात आहे. दुपारी जेवायला घरी येतो. गंधाली झोपली होती. मी म्हटलं, तू त्याचा वकील हो, मी सराव करते.

त्याने घास खाली ठेवला. "सरकला म्हणजे कुठवर?"

"हनुवटीपर्यंत."

"मिशी कशी होती?"

"पातळ. ओठाच्या कडेला थोडी..." मी थांबले.

"हे तुले तिथं दिसलं, का साहूनं दाखवलं?"

मी डोळे मिटून तो लाल गमछा शोधला. इतके दिवस मिटल्या डोळ्यांपुढे आपोआप येत होता. आताही आला, पण त्याच्या आतून ती मिशी उगवत होती. साहूंचा माणूस माझ्या माणसाच्या गमछ्यात शिरून बसला होता. आणि तो जर दुसराच कोणी असेल तर? तर मी त्याला हौसेने आत पाठवीन, आणि माझा माणूस कुठल्याशा सिग्नलवर गमछा बांधून उभा असेल, गाडी सुरू ठेवून, दुसऱ्या एखाद्या गळ्याकडे बघत. मला कोणीतरी नको होता. मला तोच हवा होता.

"मंग आता काय करतेस?" निरंजनने विचारलं.

"त्या फोटोलाही गमछा बांधायचा," मी म्हटलं.

परेड जेलच्या आतल्या अंगणात होती. सारख्याच बांध्याची नऊ माणसं रांगेत उभी होती. दंडाधिकारी साहेब टेबलामागे बसले होते. आम्ही थांबलो होतो तेव्हाच पोलिसांनी पकडलेल्या माणसाला डोक्यावरून काळं फडकं टाकून आत नेलं होतं, आधी कोणी चेहरा पाहू नये म्हणून. ते फडकं पाहून माझ्या अंगाची आग झाली. हा तोच असेल तर माझ्या मुलीचं बोट मोडताना याने तोंड झाकलं होतं, आणि आता सरकारही त्याचं तोंड झाकून देत होतं.

साहेबांनी ठरलेला प्रश्न विचारला. "याआधी तुम्हाला आरोपी किंवा त्याचा फोटो कोणी दाखवलाय?"

"हो. फोटो दाखवला आहे."

साहूंनी मान खाली घातली. साहेबांनी पेन खाली ठेवलं. मी घाईघाईने म्हटलं, "म्हणूनच मला चेहरे नकोत, साहेब. फोटोत आवाज नसतो. सगळ्यांची तोंडं बांधा, रांग बदला, तोवर मी पाठ फिरवून उभी राहते. मग एकेकाला माझ्यापुढे वाकायला सांगा आणि त्याने जे म्हटलं होतं ते म्हणायला सांगा. ते वाक्य माझ्या पहिल्या दिवशीच्या बयानात आहे."

साहेबांनी बयान काढून वाचलं. मग बराच वेळ काहीतरी लिहिलं. मग नऊ गमछे मागवले.

ते सात मणी मी काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातले होते. गंधाली धरायची तशीच मी ते मुठीत धरले, करंगळीसकट.

पहिल्याने शाळेत कविता म्हणावी तसं म्हटलं. दुसऱ्याचं ऐकूच आलं नाही. तिसरा हसला, शिपायाने दटावलं तेव्हा पुन्हा म्हणाला. चौथा, पाचवा, सहावा. सगळे साहेबांकडे बघून बोलत होते. त्यांना साहेबांनी सांगितलं होतं, त्यांनी साहेबांना म्हणून दाखवलं.

सातवा वाकला आणि मुठीशी बोलला. "छोड ना गुडिया."

हळूच बोलला. मूल जागं होऊ नये इतकं हळू. आणि माझ्या छातीत दूध भरून आलं. गंधाली तिथून सहा किलोमीटरवर आजीजवळ होती, पण माझ्या अंगाला तिचं रडणं ऐकू आलं. ब्लाउज भिजला. मी पदर ओढून घेतला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"हा."

उरलेले दोघेही ऐका, साहेब म्हणाले. मी ऐकले. "हाच," मी म्हटलं.

गमछा काढला तेव्हा आत पातळ मिशी होती. साहूंनी सुस्कारा सोडला. मी चेहऱ्याकडे फार वेळ पाहिलं नाही. चेहरा मला कधी हवाच नव्हता. त्या माणसाचं नावही मी इथे लिहिणार नाही.

खटला उभा राहायला दोन वर्षं गेली. तोवर गंधाली चालायला, बोलायला, भांडायला शिकली होती आणि झाकल्या तोंडांना घाबरणं विसरली होती. त्याचा वकील तरुण आणि हुशार होता. ओळखीवर त्याने फार जोर दिला नाही. त्याच्याकडे चोरलेल्या दोन साखळ्या सापडल्या होत्या, एकीत माझी वाटी होती. त्याने हात घातला तो त्या तीन वर्षांना.

"एप्रिल का महीना था, मॅडम," तो जज मॅडमना म्हणाला. "बयालीस डिग्री. आधा रायपुर मुंह बांधकर चलता है. मेरे मुवक्किल ने भी धूप के लिए बांधा था. या फिर सबको तीन तीन साल दे दीजिए."

मागे लोक हसले. मग तो माझ्याकडे वळला. "आप भी बांधती थीं न, मॅडम?"

"हो. बांधत होते."

"चेहरा छुपाने के लिए?"

"नाही. उन्हासाठी."

"तो इनका गमछा अलग कैसे हुआ?"

मी जज मॅडमकडे पाहिलं आणि हिंदीत सांगितलं, सावकाश, एकही शब्द वाया न घालवता. आमचा भाजीवाला उन्हासाठी गमछा बांधतो. दूधवाला बांधतो. माझ्या मुलीशी बोलायचं असलं की दोघेही आधी गमछा खाली ओढतात. त्यांना कोणी शिकवलेलं नाही. या शहरात झाकल्या तोंडाने कोणी लहान मुलाशी बोलत नाही, मूल घाबरतं. हा माणूस माझ्या मुलीशी बोलला. तिला गुडिया म्हणाला. आणि गमछा खाली ओढला नाही. उन्हासाठी असता तर ओढला असता.

जज मॅडमनी ते सगळं लिहून घेतलं.

शिक्षेच्या आधी त्याच्या वकिलाने दया मागितली. त्याच्या घरी साडेतीन वर्षांची मुलगी आहे, म्हणाला, तिचा विचार करावा. काका माझ्याकडे बघत होते. मी वितळेन असं त्यांना वाटलं असेल. मी हिशेब लावत होते, की तेव्हा तीही एक-दीड वर्षाची असणार. म्हणजे बाळाची मूठ कशी सोडवतात हे त्याला ठाऊक होतं. करंगळीपासून एकेक बोट उचलायचं, सहज सुटते. त्याला येत होतं, आणि त्याने ओढलं. मी उभी राहून जज मॅडमना एवढंच सांगितलं, आणि खाली बसले.

पाच वर्षं. आणि वर तीन.

बाहेर आवारात फोटोवाले थांबले होते. साहूंनीच त्याच्या तोंडावरून गमछा गुंडाळला, नेहमीच्या सवयीने. व्हॅनपाशी त्याची बायको उभी होती आणि तिच्या कडेवर फुलांचा फ्रॉक घातलेली चारेक वर्षांची मुलगी. तिने त्या झाकल्या तोंडाकडे पाहिलं आणि किंकाळी फोडली. ती किंकाळी मला ओळखीची होती. तो म्हणाला, "मैं हूं गुडिया, मैं." पण हात बेडीत होते, गमछा खाली ओढता येत नव्हता. ती आईच्या मानेत तोंड खुपसून रडत राहिली.

गंधाली माझं बोट धरून उभी होती. तिची वाकडी करंगळी माझ्या तळव्याला लागत होती. "आई, ती तिच्या बाबांना का भिते?" तिने विचारलं.

निरंजनने माझ्या खांद्याला हात लावला. "चल, जाऊ या. ऊन होऊन राहिलं."

"थांब जरा," मी म्हटलं. व्हॅनचं दार लागेपर्यंत मी तिथून हलले नाही.