शेवटचं नाव

भालचंद्रपंतांनी टाक दौतीत बुडवला आणि दहाव्या ओळीवर कान्होजीचं नाव लिहिलं.

"दसवाँ?" जबलपूरहून आलेल्या निरीक्षकांनी चष्म्यावरून पाहिलं.

"जी, दसवाँ," सूर्याजीराव म्हणाले आणि अडकित्त्यात सुपारी धरली.

कान्होजी त्यांचा सख्खा पुतण्या. एकोणीस वर्षांचा. सेंटर हाफला असा खेळायचा की समोरच्या संघाचे लोकसुद्धा खेळ थांबवून बघत राहायचे. ग्वाल्हेरच्या लश्कर भागात कोणालाही झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्याने कान्होजीला पहिल्या दोघांत धरलं असतं. तरी सूर्याजीरावांनी त्याला दहावा सांगितला, आणि पंतांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. वीस वर्षं इथे हॉकीची यादी अशीच होत आली होती. आपल्या घरचा मुलगा असेल तर त्याचं नाव आपण शेवटी सांगायचं. मग दुसऱ्याने म्हणायचं, हे काय भलतंच, आणि त्याला त्याच्या जागेवर न्यायचं. आपल्या तोंडाने आपल्या पोराचं कौतुक होत नाही आणि पोराचं नुकसानही होत नाही. संस्थानच्या वेळेपासूनची ही रीत, कागदावर कुठेच लिहिलेली नाही.

पंतांनीही तेच केलं होतं. त्यांचा भाचा लक्ष्मीकांत यादीत होता. त्याचं नाव त्यांनी नवव्या ओळीवर घातलं होतं, कान्होजीच्या बरोबर वर.

सूर्याजीरावांनी यादी स्वतःकडे ओढली आणि नवव्या नावावर बोट ठेवलं.

"हे काय पंत, पोराला इतकं खाली? आठवर घ्या."

"असू द्या हो. लहान आहे अजून."

"लहान कसला. राइट आउटला धावतो चांगला. आठवर घ्या, मी सांगतो."

पंतांनी आठव्या ओळीवरचं दुसऱ्या गोलकीपरचं नाव खोडलं, तिथे लक्ष्मीकांत लिहिलं, गोलकीपरला नववर उतरवलं. आता पाळी त्यांची. 'आणि कान्होजी दोनवर' हे शब्द तयार होते. दर वर्षी तेच बोलायचे. यादी करणारे तिसरे सदाशिवराव असते तर त्यांनी पंतांच्या आधीच बोलून टाकलं असतं, पण सदाशिवराव आषाढात वारले आणि त्यांच्या खुर्चीवर आज हे निरीक्षक बसले होते.

निरीक्षकांनी घड्याळ पाहिलं.

"एक बात बता दूँ। अब पूरी लिस्ट यहाँ से नहीं जाएगी। नया प्रदेश बन रहा है, चार तरफ़ से लड़के आएँगे। ग्वालियर से आठ। जबलपुर में ट्रायल होगा, रेलवे के साहब भी देखने आएँगे।"

रेलवेचे साहेब म्हणजे नोकरी. ते कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती. संस्थानच्या फौजा मोडल्यापासून सूर्याजीरावांच्या घरात पगार असा आलाच नव्हता. थोरला भाऊ गेलेला, वहिनी आणि पुतण्या यांच्याच पदरी. कान्होजीची हॉकी हीच त्या घराची आशा होती, आणि हे पंतांना जितकं माहीत होतं तितकं क्वचितच कोणाला असेल.

सूर्याजीराव सुपारी कातरत होते. त्यांनी एकदा वर पाहिलं, पंतांकडे. नजरेत विनवणी नव्हती, घाईही नव्हती. आपल्यानंतर ज्याने बोलायचं त्याच्याकडे माणूस जसा बघतो, तसं पाहिलं.

कान्होजी दोनवर गेला की लक्ष्मीकांत नववर येणार. हा हिशेब करायला पंतांना निमिषही लागलं नाही. त्यांनी टाक दौतीत बुडवला. पुन्हा बुडवला. टाकाला शाई भरपूर होती.

"तो यही तय रहा?" निरीक्षकांनी विचारलं.

पंत मूग गिळून बसले. निरीक्षकांनी यादी घेतली, आठव्या नावाखाली एक आडवी रेघ ओढली आणि सही केली. अडकित्त्याचा आवाज थांबला होता.

घरी आल्यावर शामलेने, पंतांच्या बहिणीने, भावाच्या पायांवर डोकं ठेवलं. तिचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. लक्ष्मीकांतचं कुठे काही जमावं म्हणून तिने केलेल्या सोमवारांची गणतीच नव्हती. तिने देवापुढे साखर ठेवली, मग पंतांच्या हातावर ठेवली.

"दादा, तुमच्यामुळे झालं," ती म्हणाली.

पंतांनी ती साखर तशीच मुठीत धरली.

लक्ष्मीकांत सायकल लावून आत आला. आधी आनंदाने हसला, मग विचारलं, "मामा, कान्होजी कितवा?"

"त्याचं नाही झालं."

"मतलब?"

"दहावा होता. आठच घेतले."

"ऐसे कैसे, मामा?" पोरगा दारातच उभा राहिला. "सूर्याजीकाका होते ना तिथे? तुम्ही होतात ना? अहो, तो पास देतो तेव्हा तर मी पळतो. उसके बिना मैं क्या करूँगा वहाँ?"

पंतांनी पंचा खांद्यावर टाकला आणि विहिरीवर हातपाय धुवायला गेले. पाणी काढताना त्यांच्या मनात आलं, सूर्याजीरावांनी बोलायचं होतं. एकदा तोंड उघडलं असतं तर काय बिघडलं असतं? आणि लगेच त्यांना स्वतःचीच लाज वाटली. सूर्याजीराव मेले असते तरी बोलले नसते, आणि त्या भरवशावरच तर आपण गप्प बसलो.

निरीक्षक दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने जाणार होते, रात्री सराफ्याजवळच्या धर्मशाळेत उतरले होते. दिवेलागणीला पंत चपला घालून निघाले. जाऊन एवढंच सांगायचं होतं, साहेब, यादीत माझ्याकडून चूक झाली. सराफ्यात सरकारी दफ्तरातले जयसिंहराव भेटले, दफ्तर भोपाळला हलणार म्हणून रडत होते. कपाटं बांधली, फायली बांधल्या, आता आम्हाला बांधायचं तेवढं उरलंय, म्हणाले. पंतांनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं. मनापासून ऐकलं, कारण तेवढा वेळ पुढे जावं लागत नव्हतं. ते गेल्यावर पंत धर्मशाळेच्या पायरीपर्यंत पोचले. वरच्या खोलीत दिवा होता. शामलेने हातावर ठेवलेली साखर त्यांना आठवली, आणि ते आल्या पावली घरी परतले.

त्यानंतर, दसऱ्याचं सोनं द्यायचं राहिलं होतं तरी, पंत सूर्याजीरावांच्या घरी गेले नाहीत. सूर्याजीराव बाजारात दिसले की ते गल्ली बदलायचे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पंतांच्या मनात तर भर दुपारी पडलेलं असायचं. नवं राज्य झालं, दिवाळी आली. पाडव्याला लक्ष्मीकांत जबलपूरच्या गाडीत बसला. जाताना हसला नाही. कान्होजी त्याला स्टेशनवर पोचवायला आला होता आणि स्वतःची हॉकीची स्टिक त्याला देऊन गेला होता, हे पंतांना शामलेकडून कळलं.

भाऊबीजेच्या सकाळी पंतांनी फराळाचं ताट उचललं आणि सूर्याजीरावांचं घर गाठलं. आज सांगायचंच, असं ठरवून गेले होते.

सूर्याजीराव ओट्यावर सतरंजी टाकून बसले होते. "या पंत," म्हणाले, जणू कालच भेटले होते. कान्होजी घरी नव्हता. मंदाताई, त्याची आई, चहा घेऊन बाहेर आल्या. त्यांनी कप पंतांच्या हातात दिला, दिराचा मात्र जमिनीवर ठेवला.

"कान्होजी दिसत नाही?" पंतांनी विचारलं.

"गिरणीत लागला. बदलीवर. आज सणाचे लोक कमी, म्हणून बोलावलंय." मंदाताई दाराला टेकून उभ्या राहिल्या. "पंत, तुम्ही शहाणे, तुम्ही यांना सांगायचं होतंत. स्वतःच्या पुतण्याचं नाव कोणी शेवटी लिहितं का? बाप नाही म्हणून असं करायचं? घरी येऊन म्हणतात, मीच दहावा घातला, माझीच चूक. पंधरा दिवस झाले, मी यांच्याशी बोलत नाहीये."

पंतांनी हातातला कप खाली ठेवला.

"मंदाताई, ऐका. सूर्याजीरावांनी नाही…"

"वहिनी," सूर्याजीराव मध्येच म्हणाले, "पंतांना चिवडा द्या. यंदाचा चांगला झालाय."

मंदाताई दिराकडे न बघता आत गेल्या. त्यांच्या पावलांचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आला.

"मी बोलायला हवं होतं," पंत म्हणाले. "दोनवर घ्या, एवढंच म्हणायचं होतं. भाच्यासाठी गप्प बसलो. संध्याकाळी धर्मशाळेपर्यंत गेलो आणि तिथूनही परत आलो. वहिनींना खरं सांगू द्या मला."

"त्यांना सांगून काय होणार? तुमच्या घरचं पाणीसुद्धा पिणार नाहीत त्या. आणि शामलाताई इथे भजनाला येतात, तेही बंद होईल."

"पण मी बोलायला हवं होतं."

"हो," सूर्याजीराव म्हणाले.

तेवढंच. पंतांना वाटलं, हे शिव्या देतील तर बरं होईल. सूर्याजीरावांनी शिव्या दिल्या नाहीत. उशाखालून एक कोरा कागद काढला, टाक-दौत पुढे सरकवली.

"बरं झालं आलात. गावातल्या सामन्यांची यादी करायचीय. माझं अक्षर तुम्हाला माहीत आहे. लिहा."

पंतांनी टाक उचलला. नकळत त्यांनी पहिल्या ओळीवर टाक धरला आणि थोरल्या खेळाडूचं नाव येईल म्हणून वाट पाहू लागले.

"एक. कान्होजी."

पंतांनी मान वर केली. वीस वर्षांत सूर्याजीरावांच्या तोंडून घरच्या माणसाचं नाव पहिलं आलेलं त्यांनी ऐकलं नव्हतं.

"लिहा," सूर्याजीराव म्हणाले. आवाजात राग नव्हता. गाडीची वेळ बदलली हे माणूस सांगतो, तसे म्हणाले, "आता शेवटी लिहून भागणार नाही, पंत. वर घेणारं कोणी राहिलं नाही."

पंतांनी लिहिलं. एक, कान्होजी. मग दोन, तीन, चार. सूर्याजीराव भराभर सांगत गेले, पंत लिहीत गेले. नऊ नावं झाली. सूर्याजीराव थांबले.

"सामन्यांपर्यंत लक्ष्मीकांत परत येईल," ते म्हणाले. "त्याला कितवा घालायचा?"

पंतांनी दहाव्या ओळीवर भाच्याचं नाव लिहिलं. या वेळी ते रीत म्हणून नव्हतं. ते नाव तिथेच राहावं असं त्यांना खरोखर वाटत होतं. त्यांनी यादी फिरवून सूर्याजीरावांसमोर ठेवली आणि टाक खाली ठेवला.

मंदाताईंनी चिवड्याची बशी आणून ठेवली. सूर्याजीरावांनी अडकित्ता बाजूला केला, यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि शेवटच्या नावावर बोट ठेवलं.

"हे काय पंत, पोराला इतकं खाली?" ते म्हणाले. "आठवर घ्या."