कमलामावशीचा शेवटचा चेंडू

"गेल्या वर्षीचं सांगतो. तुमचा विश्वास बसायचा नाही, आणि बसला तर तुमच्या अकलेवर माझा बसायचा नाही!"

चारुदत्तकाकांनी फळ्याला पाठ टेकली. पावसला त्यांच्या कलमांच्या बागेत, आंबे भरायच्या शेडला लागूनच पॅडलचं, म्हणजे टेनिससारख्या खेळाचं, काचेच्या भिंतींचं कोर्ट होतं. तीन वर्षं स्पर्धेच्या जोड्या काकाच लावत आले, खडूने, या फळ्यावर. यंदा खेळायला येणाऱ्या मनस्विनीने मोबाइलवर जोड्या लावणारं ॲप आणलं. "काका, तुम्ही आता आरामात बघत बसा हो," ती गोड आवाजात म्हणाली, ते काकांना फणसाच्या काट्यासारखं टोचलं. फळा की ॲप, हे खेळाडू आत्ता हात वर करून ठरवणार होते. त्याआधी काकांनी बोलायला दोन मिनिटं मागून घेतली होती.

"कमलामावशी पहिल्या फेरीनंतर सोळावी. सोळांत सोळावी! पण आपल्याकडे सामन्याला गुण चोवीस, नि मिळवलेले ज्याचे त्याचे. फेरी झाली की क्रमवारी नवी, जोड्या नव्या. पहिला नि चौथा एकीकडे, दुसरा नि तिसरा दुसरीकडे. मघाचा वैरी तो आता जोडीदार! माझा खडू चालतोय नि मावशी चढतेय. बारावी. सातवी. शेवटच्या फेरीला चौथी!"

"गुडघ्याला पट्टा बांधून?" खेळाडूंतल्या केरूने टोकलं.

"दोन्ही गुडघ्यांना, मेल्या! आणि तेव्हा पहिला कोण होता? तूच ना?"

केरूने कॉलर ताठ केली. यात खोडून काढण्यासारखं त्याला काही दिसलं नाही.

"समोर शौनक आणि वेद. दोघंही आता मुंबईला, नाहीतर त्यांनीच सांगितलं असतं. मावशीही लेकीकडे देवरुखला गेलीय. तर शेवटचा चेंडू. शौनकने मारला, काचेवर आपटला. काचेवरून आला तरी जिवंतच. मावशीने उचलला. तिकडची काच. वेद. इकडची काच. मावशी. चेंडू म्हणून मरेचना! पूर्णगडच्या मासेवाल्या टोपल्या डोक्यावर घेऊन उभ्या राहिल्या. आणि कावळे? टोपलीतले बांगडे सोडून चेंडूबरोबर माना फिरवतायत! सकाळी मी हिरवेगार आंबे आढीत घातले होते. चेंडू थांबला तेव्हा, देवाशपथ, आढी पिकून घमघमत होती!"

कुणी हसलं नाही. मनस्विनीच्या हातातला मोबाइल विझून गेला होता, ते तिला कळलंही नव्हतं. काकांच्याच अंगावर काटा आला. पदर खोचलेली मावशी त्यांना खरंच दिसायला लागली, काचेवरच्या उन्हात इकडून तिकडे तरंगत गेल्यासारखी. आपण हे कधी रचलं, तेच त्यांना आठवेना.

"मग?" मनस्विनीने हळूच विचारलं.

"मग काय गो! मावशीने चेंडू अलगद नेटपलीकडे ठेवला, उंबऱ्यावर पणती ठेवावी तसा. कुणी हललं नाही. मीच फळ्यावर लिहिलं. मावशी आणि केरू पंधरा, शौनक आणि वेद दहा!"

शेडमध्ये कुणीतरी सुस्कारा सोडला. केरूने तर फळ्यासाठी हात अर्धा वर नेलाच होता. मनस्विनीचे ओठ मात्र हलत होते.

"काका, आंबे पिकले ते एक वेळ चालेल," ती म्हणाली, "पण सामन्यात वाटायला गुणच चोवीस असतात. पंधरा नि दहा पंचवीस झाले. धडधडीत खोटं बोलताय तुम्ही!"